हे कोण बोलते आहे?

इ. स. १८५७ च्या जानेवारी महिन्यात पॅरिसच्या न्यायालयात एका कादंबरीवर खटला उभा राहिला. ग्युस्ताव फ्लोबेर यांची ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी आदल्या वर्षी ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. सार्वजनिक नीती आणि धर्म यांना तिने बाधा आणली, असा आरोप लेखकावर, नियतकालिकाच्या व्यवस्थापकावर आणि मुद्रकावरही ठेवण्यात आला. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी पुस्तकातील उतारे वाचून दाखवले. त्यांत एक उतारा विशेष होता. परपुरुषाच्या सहवासातून घरी परतलेली नायिका एमा आरशासमोर उभी राहते आणि आता आपल्याला प्रेमाचे सुख लाभणार, या कल्पनेने हरखून जाते. पिनार यांच्या मते हे व्यभिचाराचे उघड उघड गौरवगान होते. एमाचा निषेध करील असे एकही पात्र या पुस्तकात नाही, अशीही त्यांची तक्रार होती.

येथे प्रश्न नीतीचा दिसतो. पण त्याच्या मुळाशी व्याकरणाचा एक प्रश्न दडलेला आहे. त्या उताऱ्यातील आनंद कोणाचा? लेखकाचा की एमाचा? उताऱ्यातील कळीच्या वाक्यांना अवतरणचिन्हे नाहीत, ‘असे तिला वाटले’ अशी पुस्तीही नाही. एमाचा उल्लेख ‘ती’ असाच आहे. म्हणून वरवर पाहता ती वाक्ये निवेदकाची ठरतात. परंतु त्यांतील उमाळा आणि भाबडेपणा हे सारे एमाचे आहे. १९६७ साली हान्स रॉबर्ट याउस या जर्मन विद्वानाने नेमक्या याच गोष्टीकडे लक्ष वेधले. पात्राचे मनोगत सरकारी वकिलांनी लेखकाचे मत समजून वाचले होते.

या रचनेला ‘मुक्त अप्रत्यक्ष कथन’ म्हणता येईल. तिचे फ्रेंच नाव शार्ल बाली यांनी १९१२ साली रूढ केले. बाली हे जिनीव्हाचे भाषाशास्त्रज्ञ. सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने सिद्ध करणाऱ्यांपैकी ते एक होत. अर्थात नाव मिळण्यापूर्वी कितीतरी आधी ही रचना वापरात होती. इंग्रजीत जेन ऑस्टिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तिचा मोठ्या कौशल्याने उपयोग केला होता.

रचनेचे मर्म एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘शांता मनाशी म्हणाली, “आता मी कुठे जाऊ? उद्या तर भाऊ येणार!”’ हे प्रत्यक्ष कथन. ‘आता कुठे जावे आणि दुसऱ्या दिवशी भाऊ येणार त्याचे काय करावे, याचा विचार शांता करू लागली,’ हे अप्रत्यक्ष कथन; यात शांताची घालमेल निवेदकाने आपल्या शब्दांत गुंडाळून दिली आहे. आता तिसरा प्रकार पाहावा : ‘शांता खिडकीशी उभी राहिली. आता तिने जावे तरी कुठे? उद्या तर भाऊ येणार!’ येथे ‘म्हणाली’ गेले, ‘मी’ची ‘ती’ झाली. पण ‘आता’ आणि ‘उद्या’ हे शांताचेच राहिले. तो ‘तर’, ते प्रश्नचिन्ह, तो उद्गारही तिचाच. सर्वनाम निवेदकाचे आणि श्वास पात्राचा, अशी ही दोन आवाजांची गुंफण आहे.

ही गुंफण प्रत्येक भाषा आपापल्या साधनांनी करते. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये काळाचा मोठा आधार असतो : मूळ वर्तमानकाळ मागे सरकून भूतकाळ होतो. त्यामुळे ‘उद्या’ या शब्दाशेजारी भूतकाळी क्रियापद येऊन बसते आणि जाणत्या वाचकाला खूण पटते. मराठीत हा मार्ग तितका मोकळा नाही. ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ असे मराठी माणूस सहज बोलतो. सांगणे भूतकाळी असले तरी सांगितलेल्या वाक्याचा काळ बदलावा लागत नाही. म्हणून मराठीत हा भार लहानलहान शब्दांवर पडतो. ‘छे’, ‘बरे’, ‘कशाला’, ‘ना’, ‘तर’ यांतून बोलणाऱ्याचा सूर उमटतो. त्यांच्या जोडीला ‘आपण’ हे सर्वनाम आहे. ‘आपण इतके दिवस गप्प का बसलो?’ या वाक्यात ‘मी’ही नाही आणि ‘तो’ही नाही, पात्राचे स्वतःशी असलेले नाते मात्र नेमके आहे.

मराठीपाशी याच्या उलट काम करणारा शब्दही आहे : ‘म्हणे’. ‘तो म्हणे आजारी होता,’ या वाक्यात सांगणारा जबाबदारी झटकून मोकळा होतो. हे दुसऱ्याचे बोलणे आहे, असे तो बजावतो. मुक्त अप्रत्यक्ष कथन असे काहीच बजावत नाही. दुसऱ्याचा आवाज आपल्या वाक्यात घेऊन ते सीमारेषाच पुसून टाकते. मोठ्याने वाचणाऱ्याला म्हणूनच अशा ठिकाणी क्षणभर थबकावे लागते, कारण आवाज कोणाचा लावायचा हे छापील पान सांगत नाही.

या संदिग्धतेतच रचनेचे बळ आहे. वाचक एमाच्या मनात शिरतो, तिच्या आनंदाने आनंदतो आणि त्याच वेळी तिची फसगतही पाहतो. तिला दोषी ठरवणारे पात्र लेखकाने योजले नाही. तो निर्णय वाचकावर सोपवला. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी न्यायालयाने फ्लोबेर यांना निर्दोष सोडले, मात्र पुस्तकाला कडक शब्दांत दूषण देऊनच. पुढे त्याच वर्षी पिनार यांनी बोदलेर यांच्या कवितांवर खटला चालवला आणि तेथे कवीला दंड झाला.

पात्राच्या तोंडचे वा मनातले बोल लेखकाच्या माथी मारण्याची घाई आजही संपलेली नाही. अशा प्रसंगी निवाडा करण्यापूर्वी एक लहानसा प्रश्न विचारणे इष्ट ठरते : हे वाक्य लिहिले कोणी, हे तर ठाऊकच आहे, पण त्यात बोलते आहे कोण?