गाजराचे बी कोणी राखावयाचे?

वसई तालुक्यातील वाड्यांनी मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला, केळी आणि फुले पुरविली. त्याच तालुक्यातील आचोळे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि तेथील भाजी पिकविण्याची हौस बहुधा गच्चीवरच्या पिंपांत किंवा इमारतीमागच्या अरुंद पट्ट्यांत भागवावी लागते. अशा हौशी माणसाने लाल देशी गाजर लावावे, हा सल्ला योग्यच आहे. मात्र बी दरवर्षी पुडीतूनच आणावयाचे असेल, तर त्याने जुने वाण जतन केले असे म्हणता येणार नाही.

फूटभर खोल भुसभुशीत माती, ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पेरणी आणि वेळेवर विरळणी एवढ्यावर गाजर येते. खरी परीक्षा बियांची. नारिंगी विलायती वाणांना फुलण्यासाठी दीर्घ थंडी लागते. म्हणून त्यांचे बी कुलू खोऱ्यातील कटराईनसारख्या डोंगराळ भागात तयार करतात. लाल देशी गाजर मैदानी हवेतही बी धरते. तरीही ते राखले जात नाही, कारण चांगले गाजर हलव्यात जाते आणि वाफ्यात उरते ते अकाली फुललेले! त्याचेच बी धरीत गेल्यास वाण उतरते. उत्तम मुळे निवडून, त्यांची खालची टोके व वरचा पाला छाटून, ती पुन्हा लावावयास हवीत.

शिवाय गाजराचे परागीभवन कीटकांकरवी होते. दोनचार झाडांवरच विसंबल्यास पुढील पिढी दुर्बळ निघते. निदान वीसपंचवीस झाडे एकत्र फुलावी लागतात. एका गच्चीला हे झेपणारे नाही. परंतु दहा कुटुंबांनी प्रत्येकी तीन मुळे शाळेच्या आवारातील एकाच वाफ्यात लावली, तर काय बिघडेल? शहरात आसपास दुसऱ्या वाणाचे गाजर क्वचितच फुलते. तेव्हा संकराचे भयही थोडेच.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदाही आड येत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केला आहे. संकरित बियाण्याची पुडी मात्र येथे कामाची नाही. तिचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत.

गाजराचे बी दोनतीन वर्षांत उगवणशक्ती गमावू लागते, किनाऱ्याच्या दमट हवेत त्याहूनही लवकर. म्हणून वाफा वर्षाआड तरी फुलू द्यावा लागतो आणि फुलोऱ्याच्या छत्र्या तपकिरी होताच, पावसाच्या पहिल्या सरीआधी, उतरवून घ्याव्या लागतात.