फ्लॅशमध्ये पांढरी चमकणारी बाहुली

बारसे, उष्टावण, पहिला वाढदिवस... घरातल्या बाळाचे फोटो आता शेकड्यांनी निघतात. फ्लॅश मारून काढलेल्या काही फोटोंत बाळाचे डोळे लाल दिसतात आणि ‘फोटो बिघडला’ म्हणून तो डिलीट होतो. वास्तविक दोन्ही डोळ्यांत सारखी दिसणारी ही लाली बहुधा चांगली खूण असते. लक्ष द्यायला हवे ते वेगळ्याच फोटोकडे. एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरीची पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, तर तो फोटो पुसू नये. तो डॉक्टरांना दाखवावा.

लाली येते कुठून?

बाहुली ही डोळ्यात प्रकाश शिरण्याची खिडकी. अंधारात ती मोठी होते. फोनमधला फ्लॅश लेन्सला जवळजवळ खेटून असतो. त्यामुळे त्याचा प्रकाश बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि साधारण त्याच वाटेने लेन्सकडे परततो. पडद्यामागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, म्हणून परतणारा प्रकाश लाल दिसतो. भारतीयांच्या डोळ्यांत रंगद्रव्य जास्त असल्याने तो नारिंगी किंवा तपकिरीही दिसू शकतो. नवजात बाळाचे डोळे ऑफ्थॅल्मोस्कोपने तपासताना डॉक्टर हीच चमक पाहतात. या तपासणीला ‘रेड रिफ्लेक्स’ चाचणी म्हणतात.

प्रकाशाच्या वाटेत काही अडथळा आला की चमकेचा रंग बदलतो. जन्मजात मोतीबिंदू, पडदा सुटणे, पडद्यावरील रक्तवाहिन्यांचे आजार ही त्याची काही कारणे. सर्वांत गंभीर कारण म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, अर्थात डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग.

लहान मुलांचा कर्करोग

साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो आणि बहुतेक रुग्ण ५ वर्षांच्या आतले असतात. इतके लहान मूल ‘मला एका डोळ्याने दिसत नाही’ असे सांगू शकत नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर ते खेळते, चालते, वस्तू उचलते आणि घरच्यांना शंकाही येत नाही. गाठ लहान असताना सापडली तर लेझर, अतिथंड उपचार किंवा केमोथेरपीने डोळा आणि बऱ्याचदा दृष्टीही वाचवता येते. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो. गाठ डोळ्याबाहेर पसरली तर जिवालाच धोका असतो. प्रगत देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले या आजारातून वाचतात. त्यामागे वेळेवर झालेल्या निदानाचा वाटा मोठा आहे.

जुन्या फोटोंतला पुरावा

अमेरिकेतील बेलर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला. निदानानंतर त्यांनी घरातले जुने फोटो चाळले, तेव्हा मूल अवघ्या काही दिवसांचे असतानाच्या फोटोतही पांढरी चमक आढळली. त्यातून पुढे फोनमधले फोटो तपासणारे ‘व्हाइट आय डिटेक्टर’ हे ॲप तयार झाले. २०१९ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ४० मुलांचे सुमारे ५३ हजार फोटो तपासले गेले. डोळ्यांचा आजार असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांच्या बाबतीत, निदानाच्या सरासरी १.३ वर्षे आधीच्या फोटोंत ॲपला पांढरी चमक सापडली. पण उरलेली ४ मुलेही विसरून चालणार नाही. ॲपला काही दिसले नाही, म्हणजे डोळा निरोगीच आहे असे नव्हे.

फोनच खूण पुसतो तेव्हा

फोटो सुंदर दिसावा म्हणून फोनमध्ये दिलेल्या सोयी नेमकी ही खूण झाकू शकतात.

• रेड आय रिडक्शन : काही कॅमेऱ्यांत फोटोआधी एक झगमगाट होतो. त्याने बाहुली आकसते. काही सॉफ्टवेअर नंतर डोळ्यातला रंग बदलून टाकतात. ही सोय बंद ठेवावी.

• नाइट मोड : कमी उजेडातही तो फ्लॅशशिवाय फोटो काढतो. फ्लॅश नाही, म्हणजे चमकही नाही.

• ब्यूटी फिल्टर : चेहऱ्याबरोबर डोळ्यांचा आकार आणि उजळपणाही बदलतो.

• टॉर्च : सतत पेटता दिवा बाहुली लहान करतो. त्यापेक्षा ‘फ्लॅश ऑन’ निवडावा.

खोलीत उजेड मंद असावा, फोन काही फूट दूर धरावा आणि मुलाने कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलेले असावे. डोळ्याजवळ फोन नेऊन फ्लॅश मारत राहण्याची गरज नाही. डॉक्टरांना पाठवताना मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. एरवी मेसेजिंग ॲप फोटो दाबून लहान करते आणि बारकावे हरवतात.

घाबरू नये, थांबूही नये

एखाद्या फोटोत पांढरी चमक दिसली म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. मूल किंचित बाजूला पाहत असेल, तर डोळ्याची नस जिथून सुरू होते त्या फिकट चकतीवरून प्रकाश परततो आणि निरोगी बाहुलीही पांढरी दिसते. तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरातला फरक यांमुळेही चमक कमीजास्त होते. अर्थात मुलांमध्ये याही गोष्टींवर लवकर उपचार लागतात.

एकाच डोळ्यात अशी चमक वारंवार दिसली, किंवा त्यासोबत तिरळेपणा अथवा डोळा लाल होणे असेल, तर काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तिथे थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासला जातो आणि शंका फिटते. घरात कुणाला लहानपणी हा आजार झाला असेल, तर फोटोची वाट न पाहता बाळाची तपासणी जन्मानंतर लगेच करावी, कारण त्याचा एक प्रकार आनुवंशिक असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्यांनाही असा फोटो जरूर दाखवावा.

निदान डॉक्टरच करतील. फोनमधल्या फोटोंमुळे मूल त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकते. त्यासाठी बाळाचे जुने फोटो आज एकदा केवळ डोळ्यांकडे लक्ष देऊन चाळले, तरी पुरे.