लॅपटॉपचा अॅडॅप्टर: हलका हवा, पण पारखून

लॅपटॉप वर्षागणिक सडपातळ होत गेला. मात्र त्याच्यासोबत सॅकमध्ये शिरणारा काळा, विटेसारखा अॅडॅप्टर बराच काळ होता तसाच राहिला. जाडजूड वायरींसह त्याचे वजन सहज तीन-चारशे ग्रॅमच्या घरात जाते. लोकल किंवा बसमधून रोज ये-जा करणाऱ्यांना हे ओझे जाणवल्याशिवाय राहत नाही. आता तेवढेच काम करणारे, मुठीत मावणारे अॅडॅप्टर बाजारात मिळू लागले आहेत. अशा ६५ वॉटच्या अॅडॅप्टरचे वजन वायर वगळता साधारण सव्वाशे ग्रॅम भरते. तथापि, केवळ आकार पाहून केलेली खरेदी फसण्याची शक्यता अधिक. त्यामुळे अॅडॅप्टर लहान कसा झाला आणि तो घेताना काय तपासावे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

आकार घटला कसा?

घरातील सॉकेटमध्ये २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने करणारा एसी प्रवाह असतो. लॅपटॉपला मात्र सुमारे २० व्होल्टचा डीसी प्रवाह लागतो. हा बदल घडवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा आकार आवर्तनांच्या संख्येवर अवलंबून असतो. हौद भरायचा असेल तर मोठी घागर सावकाश ओतावी लागते किंवा लहान तांब्या भराभर. त्याचप्रमाणे सेकंदाला आवर्तने जितकी अधिक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो.

म्हणूनच अॅडॅप्टरमध्ये आधी एसीचा डीसी केला जातो आणि मग इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साह्याने तो सेकंदाला हजारो वेळा तोडला-जोडला जातो. १९७७ मध्ये आलेल्या ‘अॅपल-टू’ या संगणकासाठी रॉड होल्ट या अभियंत्याने याच तत्त्वावर आटोपशीर वीजपुरवठा तयार केला होता. परंतु सिलिकॉनच्या स्विचला मर्यादा आहेत. प्रत्येक उघडझापीत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वेग वाढवला की उष्णताही वाढते.

ही कोंडी फोडली ती गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाने. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यातही हेच द्रव्य आहे. सिलिकॉनपेक्षा ते अधिक दाब सहन करते आणि त्याचा स्विच कमी हानीत सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करू शकतो. ६५ वॉट देणाऱ्या अॅडॅप्टरची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर सुमारे ७ वॉट उष्णतेत जातात. ती ९४ टक्के झाली तर हा आकडा ४ वॉटवर येतो. उष्णता कमी, म्हणून ती बाहेर टाकण्यासाठी लागणारी जागाही कमी. बाजारात असे अॅडॅप्टर ‘गॅन’ या नावाने ओळखले जातात.

एक पिन, अनेक लॅपटॉप

दुसरा बदल पिनचा. पूर्वी प्रत्येक कंपनीची पिन निराळी असे. यूएसबी-सीवरील ‘पॉवर डिलिव्हरी’ या मानकामुळे आता अॅडॅप्टर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी ‘बोलतात’ आणि ५, ९, १५ किंवा २० व्होल्टपैकी योग्य दाब ठरवतात. त्यामुळे जास्त वॉटचा अॅडॅप्टर लावल्याने लॅपटॉप जळेल ही भीती अनाठायी आहे. लॅपटॉप आपल्याला हवी तेवढीच वीज ओढतो. २०२१ मध्ये या मानकाची कमाल मर्यादा १०० वरून २४० वॉटपर्यंत वाढवण्यात आली. युरोपीय संघाने तर लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. भारतीय मानक ब्युरोनेही २०२३ मध्ये टाइप-सीसाठी मानक जाहीर केले.

खरेदीपूर्वी हे तपासा

सर्वप्रथम जुन्या अॅडॅप्टरवरील व्होल्ट आणि अॅम्पिअरचा गुणाकार करावा. २० व्होल्ट आणि ३.२५ अॅम्पिअर म्हणजे ६५ वॉट. नवा अॅडॅप्टर निदान तेवढ्या वॉटचा असावा. कमी वॉटचा लावल्यास चार्जिंग रेंगाळते आणि जड काम सुरू असताना बॅटरी उतरतही जाते.

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे तो त्यातून चार्ज होतोच असे नाही. काही पोर्ट केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहूनच खात्री करावी.

वायरही तितकीच महत्त्वाची. साधी टाइप-सी वायर ३ अॅम्पिअरपर्यंत, म्हणजे ६० वॉटपर्यंतच चालते. त्यापुढे ५ अॅम्पिअरची, चिप बसवलेली वायर लागते. अन्यथा १०० वॉटचा अॅडॅप्टर घेऊनही उपयोग नाही.

दोन-तीन पोर्टच्या अॅडॅप्टरवर छापलेले वॉट बहुधा एकूण असतात. सोबत मोबाइल लावला की लॅपटॉपचा वाटा घटतो. ही विभागणी खोक्यावर बारीक अक्षरात दिलेली असते.

जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपसाठी रूपांतर करणाऱ्या वायरी मिळतात. मात्र काही कंपन्यांचे लॅपटॉप अॅडॅप्टरची ओळख पटल्याशिवाय बॅटरी चार्ज करत नाहीत. शिवाय व्होल्ट आणि पिनचे माप जुळणे आवश्यक असल्याने येथे विशेष सावधगिरी हवी.

लहान अॅडॅप्टरना बहुधा दोनच पिन असतात. अर्थिंग नसल्याने धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर कधी कधी झिणझिण्या जाणवतात. योग्य रीतीने बनवलेल्या अॅडॅप्टरमध्ये हा प्रवाह अत्यल्प असतो. तरीही तो खटकत असेल तर तीन पिनचा अॅडॅप्टर घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अॅडॅप्टरच्या आत २३० व्होल्ट आणि लॅपटॉप यांच्यामधील अंतर काही मिलिमीटरचेच असते. आकार घटला की हे अंतर राखणे अधिक कठीण होते, आणि बनावट माल नेमका तेथेच काटकसर करतो. त्यामुळे मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो पडताळता येतो.

जुना अॅडॅप्टर चांगला असेल तर तो टाकण्याची गरज नाही. तो घरी किंवा कार्यालयात ठेवावा आणि नवा पिशवीत. दोनशे-अडीचशे ग्रॅम वाचवण्यासाठी काही हजारांचा लॅपटॉप पणाला लावू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.