पायाखाली लाव्हा, डोळ्यांपुढे सह्याद्री

लाव्हा बघायला हवाई बेटांवर जायची गरज नाही. राजगड चढताना, अंधेरीतल्या टेकडीवर, अजिंठ्याच्या लेण्यात आपण ज्या दगडावर पाय ठेवतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हाच! आजही त्याने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. भूशास्त्राचा जाणकार सोबत असेल, तर रोजची ट्रेकची वाट एकदम बोलू लागते. ती काय काय सांगते, ऐका.

डोंगर आहेत, ज्वालामुखी कुठाय?
टोकदार, शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी इथे शोधू नका. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला आणि पसरत गेला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर त्या भेगांत थिजलेला खडकही पाहायला मिळतो. आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि याच्या लांबलचक भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात.

कडा, उतार, कडा, उतार
सह्याद्रीकडे लांबून बघा. भाकऱ्यांची चळत रचावी तसे थर दिसतात. लाव्हाच्या प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, त्याचा सरळसोट कडा होतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, तो लवकर झिजतो आणि त्याचा गवताळ उतार होतो. जुना थर खाली, नवा वर. म्हणजे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई चढताना आपण काळातही पुढे सरकत असतो!

लाल पट्टा म्हणजे मध्यंतर
घाटरस्त्याच्या दरडीत काळ्या दगडांमध्ये अचानक विटेसारख्या रंगाचा पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड झाला, दुसरा यायला वेळ लागला. तेवढ्या काळात ऊन-पावसाने वरच्या खडकाची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती त्याच्याखाली गाडली गेली. जितके लाल पट्टे, तितक्या विश्रांती.

वरळीचे बेडूक
अशाच विश्रांतीच्या काळात मुंबईच्या जागी पाणथळ डबकी होती आणि त्यांत चिमुकले बेडूक नांदत होते. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात त्यांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. डायनोसॉर हा शब्द रूढ करणारे ओवेन ते हेच.

अंधेरीतले दगडी खांब
गिल्बर्ट हिल सुमारे २०० फूट उंच आहे आणि माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, त्याला बहुकोनी तडे जातात आणि उभे खांब तयार होतात. हे खांब इथे भर वस्तीत, इमारतींच्या गराड्यात दिसतात. एकेकाळी ही टेकडी कितीतरी मोठी होती. खाणकामाने ती पोखरली. २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसा दर्जा दिला, म्हणून एवढी तरी उरली.

बुडबुड्यांत रत्ने
लाव्हातल्या वायूने पोकळ्या सोडल्या, त्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेले निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना भुरळ घालते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक डोळे भरून पाहता येतात.

कुकडीचे रांजण
पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात बेसाल्टला, म्हणजे याच थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाला, खोल, गोल खड्डे पडले आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरले, तळ घासत राहिले आणि रांजणखळगे तयार झाले. कठीण खडकावर मऊ पाण्याने केलेली ही कोरीव करामत उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर उत्तम दिसते.

लोणार: लाव्हात पडलेला पाहुणा
सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर ज्वालामुखीचे, असे पूर्वी अनेकांना वाटे. ते खरे तर अशनीच्या आघाताने झाले आहे. बेसाल्टवर झालेले आणि इतके सुस्थितीत टिकलेले असे विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ! म्हणूनच चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना ते मोलाचे वाटते. २०२० मध्ये या विवरातल्या सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला.

हजार किलोमीटरची धाव
आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी जो बेसाल्ट आहे, त्याची रासायनिक जातकुळी महाबळेश्वर परिसरातल्या थरांशी जुळते. तो लाव्हा पश्चिमेकडून जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला, असे संशोधक मानतात. जगातल्या सर्वांत लांब लाव्हा-प्रवाहांत त्याची गणना होते.

निघण्यापूर्वी
पावसाळ्यात धुके आणि हिरवळ थर झाकून टाकतात. गवत वाळले की कडे स्वच्छ वाचता येतात, म्हणून हिवाळा उत्तम. सोबत छोटे भिंग ठेवा, हातोडी घरी ठेवा. स्फटिक फोडून खिशात घालायचा नाही, तो पुढच्या माणसालाही दिसला पाहिजे. आणि वाटाड्या गावातलाच घ्या. गडाखालच्या गावांतली तरुण मुले शिवकाळाच्या गोष्टी छान सांगतात. त्यांना या दगडाचीही गोष्ट शिकवली, तर गावात चार पैसे येतील आणि टेकडी राखणारी माणसेही गावातच तयार होतील. शाळांनी, ट्रेकिंगच्या गटांनी हे काम आता मनावर घ्यावे.