‘ओगल’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजीत ‘ओगल’ असे एक क्रियापद आहे. अभिलाषेने एखाद्याकडे टक लावून पाहणे, असा त्याचा अर्थ कोशांत दिलेला असतो. आम्ही भाषापंडित नव्हे. कारखान्याच्या दारावर सभा घेता घेता आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता जी अक्षरओळख वाढली, तेवढेच आमचे भांडवल. तरीही ह्या शब्दापाशी आम्ही थांबलो, त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

प्रथम कूळ पाहू. हा शब्द इंग्रजीत १६८०नंतरच्या दशकात दिसू लागतो. तो बहुधा डच किंवा उत्तर जर्मनीच्या बोलीतून आला. इंग्रज आणि डच ह्यांच्यात त्या शतकात व्यापारही होता आणि १६५२ ते १६७४ ह्या काळात तीन युद्धेही झाली. माणसे आली-गेली की शब्दही येतात-जातात. जर्मन भाषेत डोळ्याला ‘आउगे’ म्हणतात. डच शब्द त्याचाच भाऊ. आपल्या संस्कृतातील ‘अक्षि’ आणि लॅटिनमधील ‘ओकुलुस’ हीदेखील त्याच घराण्यातली मंडळी, असे विद्वान मानतात. त्या डोळ्याला ‘ल’चा प्रत्यय लागला. क्रिया पुन्हा पुन्हा होते, हे तो प्रत्यय सांगतो. म्हणजे ‘ओगल’चा मूळ अर्थ केवळ ‘वारंवार डोळा टाकणे’ एवढाच. त्यात अभिलाषा कोठेच नाही; ती पुढे वापराने आली.

‘लिअर’ ह्या दुसऱ्या शब्दाचीही गंमत अशीच आहे. वाईट हेतूने तिरपे पाहणे, असा त्याचा अर्थ. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘गाल’ ह्या अर्थाच्या शब्दात सांगतात. गालावरून तिरकी नजर टाकायची, ती ‘लिअर’.

आरंभी ‘ओगल’ हा शब्द बाजारू समजला जाई. चोरांच्या बोलीत तर डोळ्यांनाच ‘ओगल्स’ म्हणत. पण लवकरच तो लंडनच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत शिरला. १७११ साली ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ पत्रात एका ‘ओगल-मास्तरा’चे काल्पनिक पत्र छापले. सकाळी चर्चमध्ये कसे पाहावे, रात्री नाटकगृहात मेणबत्तीच्या उजेडात कसे पाहावे, हे शिकवण्याचा धंदा हा मास्तर करतो! ही सारी थट्टा होती. त्या काळी ‘ओगल’मध्ये प्रेमाची नजरानजर, म्हणजे दोघांच्या संमतीचा खेळही येत असे. पुढे अर्थ एकतर्फी होत गेला. आज हा शब्द उच्चारला की पाहणाऱ्याचा दोषच मनात येतो.

थट्टेचा शब्द तक्रारीचा झाला, हीच ह्या शब्दाची खरी कथा होय. आणि आम्ही येथे थांबलो, ते ह्यामुळेच.

मराठीत आपल्यापाशी शब्द कमी नाहीत. ‘वखवखलेली नजर’ म्हटले की भूक दिसते. ‘टक लावणे’ म्हटले की वेळ दिसतो. पण कामावरची बाई तक्रार घेऊन येते, तेव्हा संकोचाने एवढेच म्हणते, “तो सारखा बघतो.” त्यावर समोरचा हसून म्हणतो, “बघण्यात कसला आला गुन्हा?” आणि अर्ज तिथेच संपतो. ज्या त्रासाला नाव नाही, त्याचा अर्ज लिहिता येत नाही, हे चळवळीने आम्हांस शिकवले.

कायद्याने आता वाट मोकळी केली आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३च्या कायद्याने ती अधिक पक्की केली. त्यात, अंगाला हात न लावता आणि एक शब्दही न बोलता केलेले, स्त्रीला नकोसे असलेले लैंगिक वर्तनही छळ ठरते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे मालकाने तक्रार समिती नेमलीच पाहिजे.

तेव्हा अर्ज लिहिताना ‘बघतो’ ह्यावर थांबू नये. कोणत्या पाळीत, कोठे उभा राहून, किती वेळ, किती दिवस बघतो, आणि नको म्हटल्यावरही बघतो का, हे सारे लिहावे. डच भाषेतल्या त्या लहानशा ‘ल’ने सांगितले तेच आपण सांगायचे : हे एकदा घडलेले नाही, पुन्हा पुन्हा घडते आहे.