चढ सिंहगडापेक्षा सौम्य, तरी खारदुंग लावर सायकलस्वारांची दमछाक का होते?

जून ते सप्टेंबर या काळात इन्स्टाग्रामवर एक फोटो हमखास दिसतो. मागे बीआरओची पिवळी पाटी, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका आणि पुढे दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली सायकल. कॅप्शन ठरलेलं: खारदुंग ला, 18,380 फूट, जगातला सर्वात उंच रस्ता.

यातलं खारदुंग ला तेवढं बरोबर आहे. (लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'खारदुंग ला पास' म्हणणं म्हणजे 'घाट घाट' म्हणण्यासारखं.) 18,380 हा आकडा अनेक वर्षं तिथल्या पाटीवर होता, तिथून तो टी-शर्टवर आणि मग आपल्या फीडवर आला. जीपीएसच्या मोजणीनुसार खिंडीची उंची 5,359 मीटर, म्हणजे 17,582 फूट आहे. सर्वात उंच रस्त्याचा मानही तिच्याकडे उरलेला नाही. लडाखमधलाच उमलिंग ला 19,024 फुटांवर आहे.

मान गेला म्हणून घाट सोपा झाला, असं मात्र नाही. एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास याच उंचीवर. तिथे लुक्लाहून चालत जाणारे ट्रेकर साधारण आठ दिवस घेतात. लेहमधून गाडीने खारदुंग लाला दोन तासांच्या आत पोहोचता येतं आणि सायकलने एका दिवसात.

चढ किती आहे?

लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाई शिखराच्या दुपटीहून उंच. तिथून खिंड 39-40 किलोमीटर. एवढ्या अंतरात रस्ता साधारण 1,850 मीटर चढतो, म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला पाच मीटरपेक्षाही कमी. पुण्यातले सायकलवाले रविवारी सकाळी सिंहगडावर जातात, तो रस्ता नऊएक किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढतो. म्हणजे नुसता तीव्रतेचा हिशोब केला तर सिंहगड जास्त अवघड. खारदुंग ला फक्त लांबलचक आहे.

मग सिंहगड न थांबता चढणारा माणूस साऊथ पुल्लूच्या चेकपोस्टनंतर दर अर्ध्या किलोमीटरला सायकलवरून का उतरतो?

ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण...

'वर हवेत ऑक्सिजन कमी असतो' हे आपण सर्रास बोलतो. खरं तर मुंबईच्या हवेतही ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आणि खारदुंग लावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावरचा हवेचा थर जितका कमी, तितकी हवा विरळ. पुण्यातून नेलेलं वेफर्सचं पाकीट लेहमध्ये फुग्यासारखं फुगतं, ते यामुळेच.

खिंडीत हा दाब मुंबईच्या निम्म्याच्या जरासा वर असतो. म्हणजे छाती भरून श्वास घेतला तरी आत येणारा ऑक्सिजन जवळपास निम्मा. फुप्फुसांतून तो रक्तात ढकलणारा जोरही तितकाच घटलेला.

सायकलच्या भाषेत सांगायचं तर तुमचं इंजिन लहान होतं. एवढ्या उंचीवर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त घटते. घरी तासन्‌तास 150 वॅट ताकद लावू शकणारा माणूस इथे 100 वॅटवर आला तर नवल नाही. सायकल, सामान आणि स्वार मिळून 90 किलो धरले, तर या चढावर त्याचा वेग ताशी सात-आठ किलोमीटर भरतो. म्हणजे न थांबता पाच-सहा तास, आणि न थांबता कुणी जात नाही.

त्यामुळे इथे सर्वात हलका गिअर लावून एकाच संथ लयीत पेडल मारणारा पुढे जातो. सीटवरून उठून दोनच जोरदार पेडल मारा, मग पाच मिनिटं धाप थांबत नाही. वरच्या टप्प्यात बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, खडी निघालेली असते आणि सियाचीनकडे रसद नेणारे लष्कराचे ट्रक शेजारून धूर सोडत जातात. लय मोडायला एवढं पुरेसं असतं.

जाता जाता एक गैरसमज. 'वर टायर फुटतात, हवा कमी करा' असा सल्ला बऱ्याच ग्रुपवर फिरतो. लेह ते खिंड यात टायरमधल्या दाबाचा फरक दोन-तीन पीएसआयचाच असतो. टायर चांगला असेल तर सोडून द्या.

फिट असाल तरी

खरा धोका दम लागण्यात नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, झोप न लागणं ही उंचीच्या आजाराची, म्हणजे एएमएसची लक्षणं. आणि फिटनेस त्यापासून वाचवत नाही. भारतीय लष्करातल्या डॉक्टरांनी उंचीवर गेलेल्या 1,925 जवानांवरचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला होता. उंचीच्या आजारावरच्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांपैकी तो एक. जवान म्हणजे काही बैठं काम करणारी माणसं नव्हेत. उलट फिट माणूस जास्त वेगाने वर जातो आणि शरीराला वेळच देत नाही.

शरीर जुळवून घेतं, पण आपल्या वेळापत्रकाने. श्वास काही तासांत वाढतो, त्यामुळे बिघडलेला रक्तातला तोल मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत सावरतात आणि लाल पेशी वाढायला काही आठवडे लागतात. सरावाच्या हजार किलोमीटरनी यातलं काहीच आधी उरकून घेता येत नाही.

म्हणून दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वमान्य नियम आहे. खारदुंग ला करून त्याच रात्री लेहला परतणाऱ्याला हा नियम सोयीचा पडतो. मनाली-लेह मार्गावर मात्र तो मोडायला सोपा. जिस्पा सुमारे 3,200 मीटरवर, सरचू 4,300 मीटरच्या आसपास. मध्ये जवळपास 4,900 मीटरचा बारालाचा ला. एका दिवसात हे उरकणाऱ्यांची सरचूतली रात्र डोकं धरून जाते. सायकलवाल्याने वाटेत आणखी एक मुक्काम केला तर तो गाडीवाल्यांपेक्षा फायद्यात राहतो.

दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी किमान 48 तास आराम करावा, असं सांगितलं जातं. तो फिरण्यासाठीचा हिशोब झाला. खिंडीवर सायकल न्यायची असेल तर माझ्या मते चार-पाच दिवस हवेतच, त्यात एकदा साऊथ पुल्लूपर्यंत जाऊन परत येणंही आलं. आठ दिवसांच्या रजेत सगळं बसवणारे ग्रुप नेमके हेच दिवस कापतात.

परत कधी फिरायचं?

डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढला असेल किंवा थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर फुप्फुसांत पाणी साचत असू शकतं. माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. या दोन्हींत काही तासांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी सपोर्ट गाडीत घालून त्याला ताबडतोब खाली आणायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. ऑक्सिजन सिलिंडर तेवढ्यापुरता वेळ देतो.

डायमॉक्स ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि लक्षणं सुरू झाल्यावर गोळी घेऊन वर चढत राहणं हा उपाय नाही.

वर पोहोचलात तर घाम सुकण्याआधी जॅकेट घाला. लेहपेक्षा तिथे दहा-बारा अंशांनी गारठा जास्त असतो आणि पुढचा चाळीस किलोमीटरचा उतार ब्रेक दाबतच उतरायचा आहे. बोटं बधिर झाली तर ब्रेक लागल्याचंही कळत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे जाड हातमोजे सोबत हवेत. पाटीपाशी वीस-पंचवीस मिनिटं पुरे. सायकल डोक्यावर उचलायचीच असेल, तर आधी पाच मिनिटं बसून घ्या. बारा-पंधरा किलो वजन तिथे झटक्यात उचललं की डोळ्यांपुढे अंधारी येते.