हुसेन यांचे घोडे रेशमी गालिच्यावर

पनवेलच्या आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या घोड्यांचे छापील चित्र घेऊन आले. "हेच काश्मिरी रेशमी गालिच्यात विणून द्या, भाव सांगा."

भावाआधी आम्ही हिशेब मांडला. 3 बाय 5 फुटांचा गालिचा, चौरस इंचाला 400 गाठी धरल्या तर एकूण 8,64,000, सगळ्या हाताने. चित्र आधी चौकटीच्या कागदावर उतरते. त्यावरून 'तालीम' लिहितात : कोणत्या रंगाच्या किती गाठी, ते खुणांच्या लिपीत. विणकर तालीम वाचून गाठ मारतो, चित्र पाहायची त्याला गरज नसते.

फुलवेल यात सहज बसते, घोड्याची मान बसत नाही. ब्रशच्या एका फटकाऱ्याला चौकटीत पायऱ्या पडतात. आम्ही एकदा पैसे वाचवायला कमी गाठींचा शिकारीचा नमुना विणून घेतला. हरणाचा डोळा चौकोनी निघाला, माल अजून माळ्यावर आहे. शिवाय रेशमाची लव एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने गडद दिसते. गालिचा भिंतीवर टांगायचा असेल तर वरची बाजू कोणती, हे विणण्याआधीच ठरवावे लागते.

खरी अडचण निराळी होती. हुसेन 2011 साली वारले. आपल्या कायद्याने चित्राचा हक्क त्यानंतर 60 वर्षे, म्हणजे 2071 अखेरपर्यंत राहतो. हक्कदारांच्या लेखी परवानगीवाचून विणले तर कारागिराची महिनोन्महिन्यांची मेहनत कोर्टात अडकायची.

"घरातल्या भिंतीवर कोण बघायला येतो?" गिऱ्हाईक म्हणाले.

आम्ही विसार घेतला नाही.